इतिहासाचा अभ्यास आणि विद्यार्थिजीवन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा जुनी इतिवृत्ते कपाटातून बाहेर काढली जातात. पहिल्या सभेला कोण हजर होते, पहिली देणगी किती होती, वास्तूची पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, याचा शोध सुरू होतो. एरवी इतिहासाकडे न फिरकणारी माणसेही त्या दिवसांत इतिहासाचे विद्यार्थी होतात. परंतु याच समाजातल्या घरात बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने 'महाविद्यालयात इतिहास घ्यायचा आहे' असे म्हटले, तर घर क्षणभर गप्प होते. 'त्याने पुढे काय होणार?' हा पहिला प्रश्न. आणि तेच मूल वादविवाद मंडळात, भित्तिपत्रकात, विद्यार्थी संघटनेत रमू लागले, की दुसरा प्रश्न येतो, 'शिकायला पाठवले आहे की सभा गाजवायला?'

हे दोन्ही प्रश्न पालकांच्या काळजीतून येतात; त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. कर्ज काढून शिकविणाऱ्या बापाला ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र त्यांची उत्तरे आजच्या काळात शोधण्यापूर्वी थोडे मागे जाणे इष्ट ठरेल. महाराष्ट्रात विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ झाला, त्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत इतिहास शिकणाऱ्या तरुणांनी काय केले, त्यांना काय सोसावे लागले आणि त्यांच्या विद्यार्थिजीवनातून पुढे काय निष्पन्न झाले, हे पाहणे हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

विद्यापीठाच्या आधीची सभा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. परंतु विद्यार्थ्यांची सभा त्याच्या आधीपासून भरत होती. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी, पॅटन नावाच्या प्राध्यापकांच्या प्रोत्साहनाने, 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही संस्था काढली. दादाभाई नौरोजी हे तिच्या उभारणीत पुढे होते. मराठी आणि गुजराती भाषिकांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेची धुरा दादोबा पांडुरंग यांच्यासारख्या विद्वानाने वाहिली. सभासदाने एखादा विषय अभ्यासावा, निबंध लिहावा, तो सर्वांसमक्ष वाचावा आणि मग त्यावर चर्चा व्हावी, अशी तेथील पद्धत होती.

केवळ निबंध वाचून हे तरुण थांबले नाहीत. १८४९ साली त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि आरंभी स्वतःच तेथे विनावेतन शिकविले. मुलींना शिकविणे त्या काळी अनेक घरांत निषिद्ध होते. पैसा हाती नसलेल्या, मिसरूडही नीट न फुटलेल्या तरुणांनी हे काम अंगावर घेतले. त्याच शतकाच्या नवव्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्या पदवीमागे चाळीस वर्षांपूर्वी शाळेत जाऊन फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलांचाही थोडा वाटा आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. परीक्षेपुरते वाचलेले ज्ञान परीक्षेबरोबर संपते. जे चार समवयस्कांसमोर मांडावे लागते, ज्यावर कोणी 'याला आधार काय?' असे विचारू शकतो, ते मात्र अंगी लागते. इतिहासाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण इतिहास हा सनावळ्या पाठ करण्याचा विषय नसून पुराव्याचे वजन करण्याचा विषय आहे, आणि वजन करायला तराजूला दोन पारडी लागतात.

शिष्यवृत्ती गेली, प्रश्न राहिला

१८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली. तीत एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत अवघे चार जण होते: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एका बाकावर मावतील एवढे हे पदवीधर. त्यांच्यापैकी भांडारकरांनी पुढे १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. रानड्यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र या विषयांत विशेष प्रावीण्य मिळविले.

रानडे मूळचे निफाडचे. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीस असल्यामुळे त्यांचे प्रारंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. मुंबईस आल्यावर त्यांनी वाचनाचा एवढा ध्यास घेतला, की अतिश्रमाने डोळे दुखावले आणि त्या व्याधीने त्यांना दीर्घकाळ त्रास दिला. तरीही ते केवळ ग्रंथालयात बसून राहिले नाहीत. ज्ञानप्रसारक सभेत त्यांनी निबंध वाचले. सुशिक्षित तरुणांचे समाजाप्रति कर्तव्य काय, हा विषय सतरा-अठरा वर्षांच्या या मुलाने १८५९ सालीच हाताळला होता. १८६२ मध्ये 'इंदुप्रकाश' हे पत्र निघाले, तेव्हा त्याच्या इंग्रजी विभागाचे संपादनही विशीतल्या रानड्यांकडे आले.

याच विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविला आहे. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना इंग्रजी अमलाशी केली आणि त्या तुलनेत मराठ्यांच्या बाजूने कौल दिला. तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात सर अलेक्झांडर ग्रँट हे होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे भाष्यकार म्हणून त्यांची ख्याती होती. प्राचार्यपदापूर्वी तेथे ते इतिहास आणि अर्थशास्त्रच शिकवीत असत. विद्यार्थ्यांवर त्यांचा लोभ होता आणि रानड्यांच्या बुद्धिमत्तेचे त्यांना कौतुकही होते. परंतु हा निबंध त्यांना रुचला नाही. जे सरकार शिक्षण देते, त्याचीच निंदा करण्याचा विद्यार्थ्याला अधिकार नाही, अशा आशयाची समज त्यांनी दिली आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला सहा महिने म्हणजे काय, हे या सभागृहात बसलेल्या अनेकांना वेगळे सांगावयास नको. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, मान खाली घालून प्रश्नच सोडून द्यायचा. दुसरा, संतापाने अभ्यास सोडून घोषणा द्यायच्या. रानड्यांनी यातील कोणताही मार्ग स्वीकारला नाही. त्यांनी अभ्यास चालू ठेवला, ग्रँट यांच्याविषयीचा आदरही सोडला नाही. १८६४ मध्ये ते एम.ए. झाले, पुढे विधिपदवी घेतली आणि काही काळ त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापनही केले. परंतु तो प्रश्न त्यांनी मनातून पुसला नाही.

हा प्रश्न त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सांभाळला. न्यायखात्यातील नोकरी, बदल्या, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, प्रार्थना समाज या सर्व व्यापांतून वेळ काढून ते मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचीत राहिले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग या मित्राबरोबर हा इतिहास लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. तेलंग १८९३ साली अकाली निवर्तले. अखेर १९०० मध्ये 'राइज ऑफ द मराठा पॉवर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले.

त्या ग्रंथात विद्यार्थिदशेतील निबंधाचा प्रश्न आहे, पण तो आता पिकलेला आहे. कोणाचे राज्य चांगले, हा तरुणपणीचा साधा प्रश्न मागे पडला. त्याऐवजी, हे राज्य उभे कसे राहिले, कोणत्या सामाजिक शक्तींनी ते उभे केले, शिवाजी महाराजांची राज्यव्यवस्था कोणत्या तत्त्वांवर आधारलेली होती आणि पुढच्या काळात ती तत्त्वे सुटल्यामुळे काय झाले, असे खोल प्रश्न तेथे आले. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानात अचानक भडकलेला वणवा, ही परकीय इतिहासकाराची उपमा त्यांनी नाकारली आणि त्यामागे सर्व थरांतील लोकांची दीर्घकाळची जागृती होती, असे प्रतिपादन केले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संतांच्या कार्याविषयीच्या या प्रतिपादनाशी तीव्र मतभेद दर्शविला. तोही योग्यच झाला. इतिहासात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. महत्त्वाचे हे, की सहा महिन्यांची शिष्यवृत्ती ज्या प्रश्नापायी गेली, तो प्रश्न विद्यार्थ्याने आयुष्यभराच्या अभ्यासाने मोठा केला.

तेवीस वर्षांचा टीकाकार

रानड्यांनी निबंध लिहिला तो महाविद्यालयाच्या चार भिंतींत. त्यानंतर काही वर्षांनी पुण्यात एका विद्यार्थ्याने हेच धाडस उघड सभेत केले. त्याचे नाव नीळकंठ जनार्दन कीर्तने.

जेम्स ग्रँट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा राजकीय अधिकारी होता. त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहून १८२६ साली प्रसिद्ध केला. थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ही 'बखर' शाळांतून शिकविली जाऊ लागली. म्हणजे मराठी मुले आपल्या पूर्वजांचा इतिहास परकीय अधिकाऱ्याच्या लेखणीतून, भाषांतराच्या वाटेने शिकत होती. तो ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला होता यात संशय नाही. डफने असंख्य कागद पाहिले होते. पण छापलेले आहे म्हणून ते प्रमाण, अशी जी वृत्ती बळावली होती, तिला कोणीतरी अडविणे आवश्यक होते.

ते काम १८६७ साली डेक्कन कॉलेजातील या विद्यार्थ्याने केले. 'पूना यंग मेन्स असोसिएशन' या तरुणांच्या संस्थेपुढे कीर्तने यांनी ग्रँट डफच्या इतिहासावर टीकात्मक निबंध वाचला. त्यांचा जन्म १८४४ चा; म्हणजे वय तेवीस. पुढल्या वर्षी हा निबंध 'विविधज्ञानविस्तार' मासिकात प्रसिद्ध झाला. डफला कोणती साधने मिळाली, कोणती मिळाली नाहीत, त्याची दृष्टी कोठे अपुरी पडली, याची त्यात चिकित्सा होती. निंदेसाठी निंदा नव्हती. आधार मागणारी टीका होती.

त्या टीकेमागे एक कळीचा मुद्दा आहे. डफने आपल्या तळटीपांतून अनेक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे नमूद केले होते. पुढील अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा त्या नकला मिळेनात. मग लेखकाचे म्हणणे पडताळायचे कसे? याचे उत्तर एकच होते: मूळ कागद पुन्हा शोधायचे, घरोघरच्या दप्तरांतून, फडताळांतून, पोटमाळ्यांवरून बाहेर काढायचे आणि जसेच्या तसे छापायचे.

महाराष्ट्राने पुढे नेमके तेच केले. १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले आणि दहा-अकरा वर्षे बखरी व जुनी पत्रे छापीत राहिले. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. या मालेचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. एका विद्यार्थ्याने एका तरुण मंडळात वाचलेल्या निबंधाने हे सारे घडविले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अनेक कारणे एकत्र आली. पण या परंपरेचा आरंभ सांगताना अभ्यासक कीर्तने यांच्या निबंधापाशी येतात, हे मात्र खरे.

विचार करावा, ते तरुणांचे मंडळ नसते तर काय झाले असते? निबंध कदाचित लिहिलाच गेला नसता. लिहिला असता तरी वहीत राहिला असता. ज्याला ऐकणारे मिळत नाहीत, त्याचा प्रश्न मनातच विझतो. विद्यार्थी मंडळाचे मोल हे असे आहे.

एका सदऱ्यावरचा एम.ए.

तिसरे उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचे. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी अत्यंत गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत ते १८७५ च्या सुमारास पुण्यास डेक्कन कॉलेजात पोहोचले. अंगावर एकच सदरा. रात्री धुवावा, वाळत घालावा आणि सकाळी तोच घालून वर्गात जावे, ही त्यांची हकिकत महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते.

आगरकरांच्या बाबतीत सभा-संमेलनांत भाग घेणे ही हौस नव्हती, ती गरज होती. वक्तृत्वाची, निबंधाची बक्षिसे मिळवावीत, वृत्तपत्रांत लिहावे आणि त्यातून शुल्क भरावे, असा त्यांचा क्रम होता. एकदा परीक्षेच्या शुल्काची सोय होईना, तेव्हा नाटक लिहून पैसे उभे करावेत या विचाराने ते लिहायला बसले. ही गोष्ट प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानी आली आणि त्यांनी स्वतः मदत करून विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यासाकडे वळविले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. केरूनाना गणिताचे व ज्योतिषाचे प्रकांड पंडित. इतिहास घेणाऱ्या मुलाशी त्यांचा विषयाचा संबंध नव्हता. पण चांगला शिक्षक विषय पाहून मदत करीत नाही.

आगरकरांनी एम.ए.ला इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले. त्याच काळात विधिशाखेचा अभ्यास करणारे बाळ गंगाधर टिळक कॉलेजात राहत होते. मुळा-मुठेच्या काठी, कॉलेजच्या परिसरात फिरताना, रात्री खोलीत बसून, या दोघांच्या चर्चा रंगत. देश या स्थितीला का आला, आणि तो वर यायचा तर आरंभ कोठून करायचा? इतिहासाच्या पुस्तकातला प्रश्न तेथे आयुष्याचा प्रश्न झाला. उत्तर निघाले ते शिक्षण हेच. सरकारी नोकरी करायची नाही, लोकशिक्षणाला वाहून घ्यायचे, असे ठरले.

हा निर्णय किती जड होता, याचा पुरावा म्हणजे आगरकरांनी त्या सुमारास आईला लिहिलेले पत्र. मुलगा एम.ए. होतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागून दारिद्र्य फिटेल, अशी आशा धरून बसलेल्या मातेला त्यांनी आधीच कळविले, की पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून आपण सर्व वेळ परहितासाठी वेचणार आहोत. ज्या घरात एकच मुलगा शिकला आहे, त्या घराला असे पत्र वाचून काय वाटले असेल? आज तो त्याग गौरवाने सांगितला जातो. परंतु त्याची किंमत त्या मातेनेही मोजली, हे विसरू नये.

जानेवारी १८८० मध्ये चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए. होताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. त्याच महाविद्यालयात आगरकरांनी शिकविले आणि १८९२ पासून १८९५ मधील मृत्यूपर्यंत ते तेथे प्राचार्य होते. वय होते अवघे अडतीस.

टिळक आणि आगरकर यांच्यात पुढे तीव्र मतभेद झाले, हे सर्वश्रुत आहे. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, या वादात दोघांचे मार्ग वेगळे झाले. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. विद्यार्थिदशेतील मैत्रीने जे उभे केले, ते मैत्री दुभंगल्यावरही उभे राहिले. आणि आगरकर गेले तेव्हा त्यांच्यावरील मृत्युलेख 'केसरी'त टिळकांनीच लिहिला. मतभेद कसे करावेत आणि मतभेदातही माणूस कसा ओळखावा, याचा पाठ कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो. तो वसतिगृहाच्या खोलीतच गिरवावा लागतो.

दोन टोके टाळावीत

या तीन उदाहरणांवरून, अभ्यास बाजूला ठेवून सभा-समारंभांत दंग व्हावे, असा अर्थ कोणी काढू नये. रानडे पहिल्या वर्गात उत्तीर्ण होत होते. कीर्तने यांनी डफचा ग्रंथ नीट वाचला होता, म्हणूनच त्यांना त्याच्यावर बोलता आले. आगरकरांनी दारिद्र्यातही एम.ए. सोडले नाही. त्यांच्या विद्यार्थिजीवनाला वजन आले ते अभ्यासामुळे आणि अभ्यासाला धार आली ती विद्यार्थिजीवनामुळे. एक दुसऱ्यापासून तोडले, की दोन्ही निस्तेज होतात. ज्याने वाचलेच नाही त्याचे भाषण म्हणजे केवळ आवाज. आणि ज्याने कोणाशी वादच घातला नाही, त्याचे वाचन म्हणजे केवळ साठा.

आणखी एक धोका आहे. इतिहास शिकणाऱ्या तरुणाला आपल्या जातीचा, पंथाचा, गावाचा गौरव सिद्ध करण्याचा मोह फार होतो. समूहात तो मोह वाढतो, टाळ्या मिळतात. अशा वेळी रानड्यांचा प्रवास आठवावा. तरुणपणी त्यांनीही आपल्या लोकांच्या बाजूने कौल दिला होता. पण ते तेथे थांबले नाहीत. आपल्या राज्याचे उणेही त्यांनी तितक्याच निर्भयपणे पाहिले. जो स्वकीयांचे दोष पुराव्याने दाखवू शकतो, त्यानेच केलेल्या स्तुतीला किंमत असते.

आजच्या विद्यार्थ्यापुढील काम

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावे. इतिहास घेऊन पुढे काय? अध्यापन, स्पर्धा परीक्षा, विधी, पत्रकारिता, अभिलेखागारे, वस्तुसंग्रहालये, पुरातत्त्व, वारसा पर्यटन असे अनेक मार्ग आहेत, आणि विद्यार्थ्याने त्यांची माहिती वेळेवर घेतली पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवी शिक्षणात प्रत्यक्ष क्षेत्रीय कामाला महत्त्व दिले आहे. १९६९ पासून चालू असलेली राष्ट्रीय सेवा योजना खेड्यांत शिबिरे भरविते. म्हणजे वर्गाबाहेरचे शिक्षण आता केवळ हौशी मुलांसाठी उरलेले नाही.

परंतु खरे काम याहून जवळ आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात अक्षरशः खोल्या भरून मोडी कागद आहेत. मोडी वाचणारे मात्र थोडे. एखाद्या महाविद्यालयातील पाच-सहा विद्यार्थ्यांनी मंडळ काढून दोन सुट्यांत मोडी शिकायचे ठरविले, तर गावातील कितीतरी घरांतील सनदा, खतपत्रे आणि हिशेब बोलू लागतील.

आपल्या समाजाकडे अशी साधने विपुल आहेत. प्राचीन मूर्तींच्या पीठावर पुष्कळदा संवत, प्रतिष्ठा करणाऱ्याचे नाव आणि गाव कोरलेले असते. व्यापारी पेढ्यांच्या जुन्या चोपड्यांत धान्याचे, कापसाचे, रुईचे भाव असतात. दुष्काळात कोणी किती धान्य दिले याची नोंद असते. पेढी बदलते, वाडा पडतो, आणि या चोपड्या रद्दीत जातात. ज्या दिवशी चोपडी रद्दीत गेली, त्या दिवशी एका गावाच्या शंभर वर्षांच्या जमाखर्चाला आपण मुकलो, हे रद्दी घेणाऱ्याला कळणे शक्य नाही. ते घरातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यालाच कळेल.

याला या समाजात परंपराही आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक असलेले अण्णासाहेब लठ्ठे यांनी सार्वजनिक कार्याच्या धकाधकीत राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र लिहून १९२४ साली प्रसिद्ध केले. डॉ. विलास संगवे यांनी जैन समाजाचे सामाजिक सर्वेक्षण हा विषय मुंबई विद्यापीठातील संशोधनासाठी घेतला आणि १९५९ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. एकाने लोककार्यातून इतिहासलेखन केले, दुसऱ्याने विद्यापीठीय अभ्यासातून समाज अभ्यासला. दोन्ही वाटा आजही खुल्या आहेत.

विश्वस्त मंडळापुढेही यातून एक विचार ठेवण्यासारखा आहे. शिष्यवृत्ती देताना गुणांची टक्केवारी पाहिली जाते. तसे करणे भागच आहे. पण टक्केवारीच्या जोडीला, या विद्यार्थ्याने वर्षभरात एखादा विषय स्वतः शोधून चार जणांपुढे मांडला आहे का, हेही विचारता येईल. वसतिगृहात आठवड्यातून एक संध्याकाळ निबंधवाचनासाठी राखून ठेवता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक खोली, एक सतरंजी आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी होते. आणि विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांना न रुचणारा प्रश्न विचारला, तर त्यासाठी त्याची मदत थांबवू नये. सर अलेक्झांडर ग्रँट विद्वान होते, सज्जन होते. तरीही एका निबंधापायी सहा महिन्यांची शिष्यवृत्ती बंद करणारे प्राचार्य म्हणूनच महाराष्ट्र त्यांना ओळखतो. केरूनाना छत्रे मात्र एका विद्यार्थ्याचे शुल्क भरणारे गुरुजी म्हणून ओळखले जातात. पुढच्या पन्नास वर्षांनी संस्थेचा इतिहास लिहिणारा विद्यार्थी या दोहोंपैकी कोणती नोंद करील, हे आजच ठरत असते.

पालकांना एवढेच सांगणे आहे: मूल इतिहास घेतो म्हणाले तर त्याच्या उपजीविकेची चौकशी अवश्य करावी, पण त्याच बरोबर 'कोणता प्रश्न घेऊन चालला आहेस?' हेही विचारावे. आणि विद्यार्थी मित्रहो, महाविद्यालयातून बाहेर पडताना हातात पदवी असेलच. तिच्याबरोबर एक खरा प्रश्न आणि तो निर्भयपणे तपासणारे दोन-तीन मित्र असतील, तर शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.